मतांचें माप आणि प्रतिनिधींची वांटणी

अमेरिकेंत अध्यक्षाची निवडणूक नोव्हेंबरांत होते हें सर्वश्रुत आहे. परंतु तत्पूर्वीं प्रत्येक पक्ष राज्याराज्यांतून मतें घेऊन आपला उमेदवार ठरवितो. ह्या मतांनीं उमेदवारास मिळतात ते पक्षाच्या महासभेंतील प्रतिनिधी. म्हणून मतें किती पडलीं याइतकेंच त्यांचें माप कोणतें, हेंहि पाहावें लागतें.

रिपब्लिकन पक्षाच्या कित्येक राज्यांत अग्रेसरास झुकतें माप मिळतें. २०१६ सालीं साउथ कॅरोलायनांत ट्रंप यांस शेंकडा सुमारें साडेबत्तीसच मतें पडलीं. पण विरोधी मतें अनेकांत विभागल्यामुळें तेथील ५० प्रतिनिधी सर्वच्या सर्व त्यांच्या पदरांत पडले!

डेमोक्रॅटिक पक्षांत शेंकडा १५ मतांची मर्यादा गांठणाऱ्या प्रत्येकास प्रमाणशीर वांटा मिळतो. २००८ सालीं दाट वस्तीच्या न्यू जर्सींत हिलरी क्लिंटन यांस ५९ व ओबामा यांस ४८ प्रतिनिधी मिळाले. आघाडी ११ ची. त्याच दिवशीं विरळ वस्तीच्या आयडाहोंत ओबामांनीं १५ विरुद्ध ३ अशी १२ ची आघाडी मिळविली! मोठ्या राज्यांतील माफक जय लहान राज्यांतील दणदणीत जयापुढें फिका पडला.

पहिल्या रीतीनें निकाल लवकर लागतो, पण बहुतेकांचीं मतें निष्फळ होतात; दुसरीनें अल्पमतासहि मान मिळतो, पण झुंज लांबते. २००८ ची झुंज जूनपर्यंत चालली. तरीहि घरांतील धाकट्यांचेंहि म्हणणें ऐकून घेणारी दुसरी रीतच आम्हांस अधिक न्याय्य वाटते.