कोरफडीची डबी

आजीबाईच्या बटव्यात कोरफड होती, हळद होती आणि बिब्बाही होता. पहिल्या दोहोंचे गुण आपण कौतुकाने सांगतो. बिब्ब्याचा रस अंगाला लागला तर फोड येतात, हे मात्र विसरतो. ‘वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक’ हा समज किती भाबडा आहे, याचा धडा मला एका कर्जप्रकरणाने दिला.

२०२२ साली आमच्या शाखेच्या एक खातेदार भगिनी मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटातून ५०,००० रुपयांचे कर्ज मागण्यासाठी आल्या. कोरफडीच्या क्रीमचा व्यवसाय करण्याचा त्यांचा मानस होता. ‘यात एकही रसायन नाही, साहेब,’ असे अभिमानाने सांगत त्यांनी एक डबी माझ्या टेबलावर ठेवली. ती खणात गेली. तीन आठवड्यांनी कागदपत्रांची पूर्तता झाली तेव्हा मी ती उघडली. कडेने करड्या बुरशीचे वर्तुळ उमटले होते.

आकडेमोडीत प्रकल्प निर्दोष होता; सही करणे सोपे होते. पण हीच डबी एखाद्या ग्राहकाच्या घरी उघडली गेली असती तर? मी त्यांना बोलावून ती दाखविली. क्षणभर त्या स्तब्ध झाल्या. मग म्हणाल्या, ‘कर्ज राहू द्या. आधी हे का झाले ते शोधते.’

पुढे त्यांच्याकडूनच मी बरेच शिकलो. क्रीम म्हणजे तेल आणि पाणी यांचा जुळवून आणलेला संसार. दोन्ही वेगवेगळे सुमारे ७० ते ७५ अंश सेल्सियसपर्यंत तापवून, त्यांना बांधून ठेवणारा पायसीकारक घालून घुसळावे लागतात. कोरफडीच्या गरात जवळजवळ सर्व पाणीच असते, आणि पाणी आले की जिवाणू व बुरशी आलीच. म्हणून योग्य प्रमाणात परिरक्षक हवाच. शिवाय पान कापल्यावर सालीलगतचा पिवळा, कडू चीक पूर्ण निथळू द्यावा लागतो. तो त्वचेला झोंबतो.

दुसऱ्या खेपेचे क्रीम ४० अंशांच्या उष्णतेत ठेवले असता तेल वेगळे झाले. तिसरी खेप तेथे टिकली. मग प्रयोगशाळेत सामू, जिवाणूंची संख्या, शिसे व आर्सेनिक यांची तपासणी झाली. त्वचेच्या क्रीमसाठी भारतीय मानक आयएस ६६०८ आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना आपल्या देशात २०१४पासून बंदी आहे. पॅच टेस्ट स्वेच्छेने पुढे आलेल्या व्यक्तींवर, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाली. एकीच्या त्वचेवर लाली आली. दोष कोरफडीचा नव्हता, सुगंधी द्रव्याचा होता. बाईंनी सुगंधच काढून टाकला.

विक्रीसाठी परवाना आवश्यक होता. स्वतःचा कारखाना उभारण्याची ऐपत नव्हती. परंतु सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांत ‘लोन लायसन्स’ची सोय आहे. नावात ‘लोन’ असले तरी त्याचा बँकेशी संबंध नाही! परवानाधारक दुसऱ्या उत्पादकाच्या जागेत आपला माल तयार करून घेण्याची ती मुभा. त्या मार्गाने परवाना मिळाला. पहिल्या अर्जानंतर चौदा महिन्यांनी मी कर्ज मंजूर केले.

वाचकहो, क्रीम घेताना डबीवरील परवाना क्रमांक, घटकद्रव्ये आणि वापराची मुदत अवश्य वाचा. नवे क्रीम चेहऱ्याला लावण्यापूर्वी हाताच्या आतल्या बाजूस थोडे लावून एक-दोन दिवस थांबा. प्रसाधनाने रोग बरा होतो, असा दावा कोणी केल्यास सावध व्हा.

ताळेबंद एका दिवसाचे चित्र दाखवितो, असे आम्ही वाणिज्य शाखेत शिकलो. त्या दिवसाचे चित्र सुंदर होते. खरा हिशेब मात्र खणातल्या तीन आठवड्यांनी मांडला. आज त्या खणात नवी डबी आहे. वर्ष उलटले आहे, आणि मी ती अधूनमधून उघडून पाहतो.