आपल्याच मालाचे दोष सांगणारा कारागीर

वेबसाइट घडविणाऱ्या प्रोग्रामरांच्या परिषदेस आम्ही जातो असे कळले, की तेथे सौदा कशाचा होतो, असे पेठेतील वडीलधारी मंडळी हटकून विचारतात. प्रश्न रास्त आहे. सौदा तेथे होत नाही. एकमेकांची व्याख्याने ऐकावयाची असतात. तीही पुढे घरबसल्या फुकट पाहावयास मिळतात, तेव्हा केवळ तेवढ्यासाठी गाडीभाडे खर्चण्यात व्यवहार नाही. मग जावयाचे कशासाठी? बर्लिन येथे भरणाऱ्या ‘जेएसकॉन्फ ईयू’ या परिषदेतील दोन प्रसंग पाहू.

नोव्हेंबर २००९ मध्ये रायन डाल या अमेरिकन प्रोग्रामरने तेथे ‘नोड’ सादर केले. तोवर जावास्क्रिप्ट ही मुख्यतः ब्राउझरमध्ये चालणारी भाषा. डाल यांनी ती सर्व्हरच्या कामास जुंपली. त्यातील युक्ती व्यापाऱ्यास सहज उमजेल. वखारीतून माल येईपर्यंत दुकानातील नोकर गिऱ्हाइकासमोर नुसता उभा राहिला, तर दहा गिऱ्हाइकांस दहा नोकर लागतील. नोडचा एकटा नोकर वखारीत चिठ्ठी धाडून लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. माल आला की त्यास हाक येते. श्रोत्यांनी उभे राहून टाळ्या वाजविल्या.

पुढे नोडच्या आधाराने ‘एनपीएम’ ही सामाईक वखार वाढली. कोणीही आपला कोड ठेवावा, कोणीही मोफत न्यावा. आमच्या धंद्याचे भांडवल बव्हंशी असे उसने असते! मार्च २०१६ मध्ये नावाच्या एका वादातून चिडून एका प्रोग्रामरने आपली पॅकेजेस तेथून काढून घेतली. त्यांत अवघ्या अकरा ओळींचे ‘लेफ्ट-पॅड’ होते. तेवढ्याने देशोदेशीच्या प्रकल्पांची बांधणी अडून बसली. ते परत ठेवावे लागले तेव्हा कोठे गाडा हलला.

जून २०१८ मध्ये डाल पुन्हा त्याच व्यासपीठावर आले. विषय होता, नोडविषयी मला खेद वाटणाऱ्या दहा गोष्टी. सुरक्षिततेचा विचार आपण पुरेसा केला नाही, पॅकेजांची व्यवस्था नको तितकी गुंतागुंतीची करून ठेवली, असे त्यांनी नोड वापरणाऱ्यांसमोरच सांगितले. नोडमध्ये चालणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामला संगणकावरील फायली आणि नेटवर्क खुले असे. पत्रे लिहावयास ठेवलेल्या कारकुनाच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या द्याव्यात, तसे. त्याच व्याख्यानात त्यांनी ‘डेनो’ हे नवे साधन दाखविले. त्यात प्रोग्रामला अशी प्रत्येक मुभा मागून घ्यावी लागते.

नवा माल खपविण्यासाठी जुन्याची निंदा केली, असे कोणी म्हणेल. थोडे तसे असेलही. तथापि दोष खरे होते. डेनोची पहिली पक्की आवृत्ती २०२० मध्ये निघाली, आणि २०२३ मध्ये नोडनेही प्रायोगिक स्वरूपात परवानगीची सोय केली.

बर्लिनची ती परिषद २०१९ नंतर भरलेली नाही. पण त्याच वर्षी ‘रिअ‍ॅक्ट इंडिया’ गोव्यात भरली होती. म्हणजे आपल्या तरुणांस समुद्रापार जाण्याचेही कारण नाही. व्याख्यान संपताच निघून न जाता त्यांनी चहाच्या वेळी वक्त्यास गाठावे, आणि हे साधन कोठे फसते, ते त्याच्याच तोंडून ऐकावे.