दिव्याचं तेल आणि दहावा माणूस

1 सप्टेंबर 1939. जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या, त्याच तारखेला वर्ध्याजवळच्या सेगावातून गांधीजींनी मुंबईच्या ए. ई. शोहेत यांना एक छोटंसं पत्र लिहिलं. शोहेत हे मुंबईतल्या ज्यू समाजाचे कार्यकर्ते. ज्यूंचं नवं वर्ष तोंडावर आलं होतं. त्याच्या शुभेच्छा आणि या पीडित समाजाला शांतता लाभावी ही इच्छा, एवढाच पत्राचा आशय. त्याच वर्षी गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले जुने मित्र हर्मन कालेनबाख सेगावात येऊन राहिले होते. हे ज्यू वास्तुविशारद. जोहान्सबर्गजवळची आपली अकराशे एकर जमीन त्यांनी 1910 साली सत्याग्रहींच्या कुटुंबांना बिनभाड्याने वापरायला दिली, तेच टॉलस्टॉय फार्म.

वर्ध्याचा ज्यू समाजाशी आलेला संबंध असा पाहुण्यांचा आणि पत्रांचा. सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पाहायचं तर वर्धेकराला मुंबई, पुणे नाहीतर रायगड जिल्हा गाठावा लागतो. तिथे शेदीडशे वर्षांच्या या वास्तू अजून उभ्या आहेत, त्यांत प्रार्थना होतात. त्या कुणाच्या पैशावर उभ्या राहिल्या आणि आज कुणाच्या जिवावर चालतात?

महाराष्ट्रातले बेने इस्रायल म्हणजे कोकणातले, मराठी बोलणारे ज्यू. पूर्वी ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आडनावंही गावांवरून आलेली: दिवेकर, केहिमकर, रोहेकर. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 साली मांडवी भागात उभं राहिलं, तेही नवसातून. सॅम्युअल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर इंग्रजांच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपूच्या कैदेत पडले आणि जिवंत सुटलो तर देवाचं घर बांधीन असं बोलले, ही समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकिकत. ते सुटून आले आणि त्यांनी शब्द पाळला. 'शार हारहमीम', म्हणजे दयेचं द्वार, हे त्या सिनेगॉगचं नाव. जवळच्या मशीद स्टेशनचं नाव याच वास्तूवरून पडलं असं मानलं जातं.

पण एका माणसाच्या नवसावर भिंती उभ्या राहतात, रोजचा कारभार चालत नाही. त्यासाठी समाजाने लहान लहान दानांची घडी बसवली. आप्ताच्या पुण्यतिथीला सिनेगॉगच्या काचेच्या हंड्यांत तेल घालायला पैसे द्यायचे. सणाच्या दिवशी तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, गुंडाळी ठेवलेलं कपाट उघडण्याचा, ती गुंडाळी मिरवण्याचा मान बोली लावून घ्यायचा. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, पैशाला हात लावायचा नाही, म्हणून त्या दिवशी नुसता शब्द द्यायचा आणि रक्कम नंतर भरायची. नवस फेडताना मलिदा करायचा: भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ, सुका मेवा, सोबत फळं. एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांचं नाव घेऊन आलेल्या प्रत्येकाच्या हातावर तो ठेवायचा. इथे देणारा आणि घेणारा एकाच चटईवर बसतो.

पश्चिम आशियातून आलेल्या बगदादी ज्यूंच्या दानाचा पल्ला मोठा होता. डेव्हिड ससून 1832 च्या सुमारास मुंबईत आले, व्यापारात गब्बर झाले आणि त्यांनी हात सैल सोडला. भायखळ्याचं मागेन डेव्हिड आणि पुण्याचं ओहेल डेव्हिड, म्हणजे पुणेकरांचं लाल देऊळ, ही दोन्ही सिनेगॉगं त्यांच्या दानातली. पुण्याचं ससून रुग्णालयही त्यांच्याच देणगीतून उभं राहिलं. त्याच्या दारात जातपात, धर्म कुणी विचारला नाही. देवळासोबत दवाखाना बांधणारा दाता आपल्या समाजाची जागा शहराच्या मनात पक्की करतो.

बाराव्या शतकातले ज्यू धर्मशास्त्री मायमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. घेणाऱ्याला पुन्हा हात पसरावा लागू नये, तो स्वतःच्या पायावर उभा राहावा, असं दान त्यांनी सर्वात वर ठेवलं. हाईम सॅम्युअल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1875 साली मुंबईत सुरू केलेली इस्राएलाइट शाळा त्याच पायरीवरची. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनने तिला मदत दिली, पुढे सर एली कदुरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचं नाव मिळालं. माझगावची ही शाळा आजही भरते आणि तिथली बहुतेक मुलं ज्यू नाहीत.

1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. 2011 च्या जनगणनेत देशभरात ज्यूंची संख्या 4,650 भरली, त्यांतले 2,466 महाराष्ट्रात. आता चणचण पैशाइतकीच माणसांची आहे. परंपरेप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ जमले तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. अशा ठिकाणी कामधंदा सोडून दहावा येऊन बसतो, तेव्हा त्याने दिलेला तासही दानच असतो.

पैशाच्या वाटेतही अडचणी आहेत. ही सिनेगॉगं न्यासांच्या ताब्यात असतात. परदेशी नागरिक झालेल्या नातलगांची देणगी घ्यायची तर न्यासाकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा परवानगी लागते. एकाच धर्मसमाजासाठी चालणाऱ्या संस्थेला दिलेल्या देणगीवर दात्याला प्राप्तिकराची सवलत साधारणपणे मिळत नाही. महाराष्ट्र सरकारने 2016 साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, ही जमेची बाजू. पण गळकं छप्पर दर्जाने दुरुस्त होत नाही.

ते कसं होतं, हे मुंबईच्या फोर्ट भागातल्या निळ्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगने दाखवलं. 1884 च्या या वास्तूचा जीर्णोद्धार सर जेकब ससून न्यास, जेएसडब्ल्यू फाउंडेशन आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड यांनी मिळून केला आणि 2019 साली ती पुन्हा खुली झाली. पैसा बिगर-ज्यूंचाही होता, आणि त्यात वावगं काही नाही. हा वारसा मराठी मुलखाचाच आहे.

अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन आबोथ असो की पुण्याचं लाल देऊळ, तिकडे जाणं झालं तर आधी विश्वस्तांची परवानगी घ्या, ओळखपत्र सोबत ठेवा, डोकं झाकून आत जा. आणि निघताना ऐपतीप्रमाणे देणगी देऊन पावती घ्या.