गाडीत कोणता नकाशा ठेवायचा?

जानेवारी २०२१. पुण्याहून कळसूबाईला निघालेली गाडी रात्री अकोले तालुक्यात कोतूळजवळ पाण्यात गेली. पिंपळगाव खांड धरण भरले की तिथला पूल तेव्हा बुडायचा. ते मोबाईलचा नकाशा बघत चालले होते, असे पोलिसांनी सांगितले. दोघे पोहून निघाले, चालक बुडाला.

लग्नसराईत मुलाबाळांना घेऊन आपणही रात्री-अपरात्री निघतोच. म्हणून हे समजून घेऊ. गूगल मॅप्स गर्दी ओळखतो ती रस्त्यावरच्या लोकांच्या मोबाईलवरून. नगर-पुणे रस्त्यावर म्हणूनच तो भरवशाचा. आडरस्त्याला रात्री गाड्याच नसतील तर त्याला कळणार कुठून? मॅपल्स हे आपल्या देशातले ॲप. मोठ्या चौकाचे चित्र दाखवते, स्पीडब्रेकरही सांगते. ऑरगॅनिक मॅप्स मात्र आधी उतरवून ठेवले की घाटात रेंज गेली तरी चालते. गूगललाही ही सोय आहे. शाळेच्या सहलीआधी आम्ही तेच करतो. फक्त नेट नसले की गर्दी कळत नाही.

आमचे विचाराल तर दोन ॲप ठेवा. पण पुलावर पाणी आहे की नाही, याची खात्री एकही देत नाही. अंधारात रस्ता पाण्यात शिरताना दिसला की गाडी तिथेच थांबवा, मागच्या गावात जाऊन विचारा. कुणाला झोपेतून उठवावे लागले तरी उठवा.