दरबारातील वाकनीस

राजा म्हटला की सिंहासन, छत्रचामरे, हत्तीघोडे आणि जयजयकार डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु राजाही माणूसच असतो. त्यालाही भूक लागते, झोप येते, आजार होतो. त्याने केव्हा उठावे, कोणास भेटावे, काय खावे, कोणते पत्र आधी वाचावे, या साऱ्या गोष्टींची व्यवस्था कोणीतरी ठेवावीच लागते. ही व्यवस्था ठेवणारी माणसे रणांगणावर गाजत नाहीत. पोवाड्यांत त्यांची नावे क्वचितच येतात. तरी राजाचे प्राण आणि राज्याची गुपिते त्यांच्याच हाती असतात. म्हणून जगातील प्रत्येक राजसत्तेने असे अधिकारी मोठ्या पारखीने निवडले आहेत.

मराठ्यांच्या राज्यात हे काम ‘वाकनीस’ या अधिकाऱ्याकडे होते. ‘वाकिया’ म्हणजे घडलेली गोष्ट आणि ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. या दोन फारसी शब्दांच्या जोडणीतून ‘वाकेनवीस’ हा शब्द झाला आणि मराठी माणसाच्या तोंडी रुळता रुळता त्याचे ‘वाकनीस’ असे सुटसुटीत रूप बनले. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या वेळी महाराजांनी आपल्या आठ प्रधानांच्या पदांना संस्कृत नावे दिली. पेशवा हा ‘पंतप्रधान’ झाला, मुजुमदार ‘अमात्य’ झाला, सुरनीस ‘सचिव’ झाला आणि वाकनीस ‘मंत्री’ झाला. त्या समयी हे पद दत्ताजी त्रिंबक यांच्याकडे होते.

आज मंत्री म्हटले की राज्याचे एखादे खाते चालवणारा पुढारी आपल्या मनात येतो. अष्टप्रधानांतील मंत्र्याचे काम याहून वेगळे होते. राजाच्या नित्य जीवनावर त्याची देखरेख असे. राजाने दिवसभरात काय केले, दरबारात कोण आले, कोणती बोलणी झाली, याची तो नोंद ठेवी. कोणास आमंत्रण द्यावयाचे, भोजनाच्या पंक्तीस कोणास बसवावयाचे, हेही तोच पाही. राजाविरुद्ध कोठे कट शिजत असेल, अन्नपाण्यात काही दगाफटका होण्याचा संभव असेल, तर त्याचा सुगावा लावणे हेही त्याचेच कर्तव्य होते. थोडक्यात, इतर प्रधान राज्य सांभाळीत, तर मंत्री राज्यकर्त्याला सांभाळी.

राज्याभिषेकाच्या सोहळ्याचे वर्णन बखरीत आले आहे. अभिषेकाच्या समयी आठ प्रधान आठ दिशांना उभे राहिले होते. कोणाच्या हाती तुपाचा कलश होता, कोणाच्या हाती दुधाचा, तर कोणी छत्र धरले होते. मंत्र्याच्या हाती चवरी होती. चवरी ढाळणे हे वरवर पाहता सेवकाचे काम. पण ती ढाळणारा राजाच्या अगदी निकट उभा असतो. त्या चवरीत मंत्र्याच्या पदाचा सारा अर्थ साठवलेला होता.

राजवाड्याचा पसारा केवढा होता, हे ‘अठरा कारखाने’ आणि ‘बारा महाल’ या नावांवरून समजते. येथे कारखाना म्हणजे यंत्रे चालवण्याची जागा नव्हे, तर दरबाराचे एकेक खाते होय. मुतबखखान्यात स्वयंपाक होई. आबदारखान्यात पिण्याचे पाणी राखले जाई. जामदारखान्यात मौल्यवान वस्त्रे आणि जवाहिरखान्यात रत्ने ठेवीत. फरासखान्याकडे तंबू, राहुट्या व बिछायती असत. पीलखान्यात हत्ती, उष्ट्रखान्यात उंट आणि पागेत घोडे असत. नगारखान्यात नौबत झडे, तर दफ्तरखान्यात कागदपत्रांची जपणूक होई. बारा महालांपैकी ‘थट्टी’ म्हणजे गाईगुरांचा गोठा, ‘टंकसाळ’ म्हणजे नाणी पाडण्याची जागा आणि ‘छबिना’ म्हणजे रात्रीचा पहारा. प्रत्येक ठिकाणी अधिकारी नेमलेला असे आणि जमाखर्चाचे कागद राहत. पाण्याची घागर असो की रत्नांचा हार, तिची जबाबदारी कोणावर आहे हे ठरलेले असे.

राजाच्या निकट वावरणारा दुसरा महत्त्वाचा अधिकारी म्हणजे चिटणीस. तो अष्टप्रधानांत मोडत नसे, परंतु राजाची पत्रे त्याच्याच लेखणीतून उतरत. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी होते. शत्रूला जे कधीही कळू नये असे कितीतरी या चिटणिसाला ठाऊक असे. म्हणून त्याच्या हस्ताक्षराइतकीच त्याच्या मौनाचीही किंमत होती.

राजाच्या जवळ असणे हा मान खरा, पण त्यात धोकाही तेवढाच असतो. दुरून चूक करणाऱ्यावर राजा रागावतो, जवळच्या माणसावर मात्र त्याला संशय येऊ शकतो. १६८१ साली संभाजी महाराजांविरुद्ध झालेल्या कटात सामील असल्याचा आरोप बाळाजी आवजींवर आला आणि त्यांना व त्यांच्या थोरल्या मुलाला देहान्ताची शिक्षा झाली. धाकटा मुलगा खंडो बल्लाळ मागे राहिला. महाराणी येसूबाईंनी त्याचे रक्षण केले असे बखरी सांगतात. पुढे त्याच खंडो बल्लाळांना वडिलांची चिटणिशी मिळाली.

अशा मुलाच्या मनात सूडाची आग पेटली असती, तर त्यात नवल नव्हते. राजाच्या निकट राहणाऱ्याला सूड उगवण्याची संधीही रोजच मिळते. परंतु खंडो बल्लाळांनी निराळीच वाट धरली. १६८३ साली गोव्यातील मोहिमेत संभाजी महाराजांचा घोडा खाडीच्या भरतीत सापडला असता खंडो बल्लाळांनी पाण्यात उडी घालून महाराजांना वाचवले, अशी हकीकत परंपरेने सांगितली जाते. पुढे राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात अडकले. किल्ल्याला मोगलांचा वेढा पडला होता आणि त्या मोगली फौजेत शिर्के होते. त्यांचे साहाय्य मिळाल्याशिवाय महाराजांना बाहेर काढणे कठीण होते. शिर्क्यांना दाभोळचे वतन हवे होते आणि ते वतन खंडो बल्लाळांचे होते. वतन म्हणजे त्या काळच्या माणसाचा जीव की प्राण. खंडो बल्लाळांनी ते सोडून दिले आणि १६९७ च्या अखेरीस महाराज वेढ्यातून सुखरूप निसटले. ज्या राजघराण्याने पित्याचा प्राण घेतला, त्याच घराण्यासाठी पुत्राने आपली मिरास दिली. हे राज्य एका माणसाचे नसून सर्वांचे आहे, ही जाणीव असल्यावाचून असा त्याग घडत नाही.

१७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. त्यांच्या कारकिर्दीत मंत्रिपद नारो राम यांना मिळाले. नारो राम पूर्वी सेनापती धनाजी जाधवांच्या पदरी होते. पुढे हे पद त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालू राहिले आणि या घराण्याला ‘पंतमंत्री’ असे म्हणू लागले. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांमधील सुपीक वाळवे तालुक्यात इस्लामपूर हे या पंतमंत्र्यांचे ठाणे होते. आज हा तालुका सांगली जिल्ह्यात आहे. त्या काळी मात्र हा मुलूख साताऱ्याच्या गादीच्या छायेखाली होता. २०२५ साली या गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य शासनाने जाहीर केला. अशा रीतीने, ज्या पदाचा जन्म राजाच्या दालनाच्या दाराशी झाला, त्याचे नाव दक्षिणेकडील या कृषिप्रधान गावाशी जोडले गेले.

पद वंशपरंपरेने चालू लागले, तेव्हा त्याचे मूळ काम हळूहळू मागे पडले. मान, वाडा आणि जहागीर राहिली. राजाचा दिनक्रम सांभाळण्याचे काम मात्र चिटणीस, खासगीकडील कारभारी आणि हुजरे करू लागले. गुण पाहून दिलेले पद जन्मावरून मिळू लागले की असेच होते. शिवाजी महाराजांनी पदे वंशपरंपरेने देण्याचे टाळले होते, त्यामागे हाच विचार असावा. १८४८ साली इंग्रजांनी साताऱ्याचे राज्य खालसा केले आणि त्या दरबारातील चवऱ्याही थांबल्या.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, जपानच्या राजवाड्यात, असे अधिकारी आजही काम करीत आहेत. तेथील सम्राटाच्या निकट वावरणाऱ्या या सेवकांना ‘जिजू’ म्हणतात. सम्राटाचे कपडे, भोजन, भेटीगाठी आणि कागदपत्रे यांची व्यवस्था ते पाहतात. जपानच्या राजघराण्यात तलवार आणि रत्न ही परंपरेने आलेली पवित्र चिन्हे मानली जातात. १ मे २०१९ रोजी नवे सम्राट गादीवर आले, त्या वेळी ही चिन्हे जिजूंनीच त्यांच्यापुढे आणून ठेवली.

या सेवकांचीही एकदा कठोर परीक्षा झाली. ऑगस्ट १९४५ मध्ये दुसरे महायुद्ध थांबवण्याचा निर्णय जपानने घेतला. सम्राटांचे त्याविषयीचे भाषण ध्वनिमुद्रित करण्यात आले आणि ते दुसऱ्या दिवशी नभोवाणीवरून ऐकवायचे ठरले. युद्ध थांबू नये असे वाटणाऱ्या काही लष्करी अधिकाऱ्यांनी १४ ऑगस्टच्या रात्री राजवाड्यात शिरून त्या तबकड्या शोधण्यास प्रारंभ केला. तोकुगावा योशिहिरो या जिजूने त्या एका लहानशा तिजोरीत लपवल्या होत्या. सैनिकांनी दरडावले, मारहाण केली, परंतु त्याने तोंड उघडले नाही. तबकड्या सापडल्या नाहीत. १५ ऑगस्टच्या दुपारी भाषण प्रसारित झाले आणि युद्ध थांबले. एका सेवकाच्या मौनाचे मोल त्या रात्री साऱ्या जगाला लाभले.

रायगडावरील वाकनीस, जिंजीच्या वेढ्यातील चिटणीस आणि जपानचा जिजू यांच्या भाषा, वेश आणि काळ वेगवेगळे. पण त्यांच्या कामाचे मर्म एकच होते. दुसऱ्याचा विश्वास आपल्यापाशी ठेव म्हणून आहे असे मानावे, ऐकले ते जपावे, लिहिले ते खरे लिहावे आणि जवळीकीचा लाभ स्वतःसाठी घेऊ नये.

भारतात आता राजेरजवाडे राहिले नाहीत. सत्ता लोकांच्या हाती आली आहे. तरीही ‘चिटणीस’ हा शब्द मात्र नाहीसा झाला नाही. शिक्षणसंस्था, वाचनालये, तालमी आणि सहकारी संस्था यांना चिटणीस असतो. सभेचा वृत्तान्त तोच लिहितो, कागदपत्रे तोच सांभाळतो. दरबार बदलला, धनी बदलला, पण खरे लिहिण्याची आणि विश्वास राखण्याची जबाबदारी तशीच राहिली. पूर्वी ती एका राजासाठी पार पाडावी लागे, आज ती सर्व लोकांसाठी पार पाडायची असते.