पुसण्याचा अधिकार : मध्यवर्ती विदानाश आणि कंपनीचे डोमेन

मराठीत ‘पुसणे’ या एकाच रूपाची दोन क्रियापदे आहेत. पहिले संस्कृत ‘पृच्छ्’पासून प्राकृतातून आलेले, विचारणे या अर्थाचे, दुसरे ‘प्रोञ्छ्’पासून आलेले, ओल्या फडक्याने पाटी पुसतात त्या अर्थाचे. ध्वनिपरिवर्तनाने त्यांची रूपे एक झाली, अर्थ मात्र निराळे राहिले. मोठ्या कंपन्यांत जुन्या संगणकांवरील विदा एका ठिकाणाहून नष्ट करण्याची जी व्यवस्था आता रूढ होत आहे, तिच्या रचनेत या दोन्ही क्रियांना स्थान आहे. पुसणाऱ्या यंत्रणेने आधी कोणाला पुसावयाचे, हाच तिच्यातील मुख्य प्रश्न होय.

प्रथम नाशाचा विचार केला पाहिजे. संगणकावरील संचिका काढून टाकली म्हणजे ती नाहीशी झाली, असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक या क्रियेला ‘खोडणे’ म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. वहीत एखादे नाव खोडले तरी रेघेखालची अक्षरे वाचता येतात. त्याचप्रमाणे संगणक केवळ अनुक्रमणिकेतील नोंद रद्द करतो आणि मूळ मजकूर, त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, चकतीवर बहुधा तसाच राहतो. पुसणे याहून वेगळे. त्यासाठी चकतीवरील प्रत्येक जागा पुन्हा लिहावी लागते आणि ती खरोखर लिहिली गेली की नाही, हे वाचून पडताळावे लागते. पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधापासून ३५ वेळा लिहिण्याची दंतकथा पसरली. आजच्या फिरत्या चकतीला एकदा नीट लिहिणे सामान्यतः पुरते. घन-स्थिती साठवण, म्हणजे एसएसडी, मात्र निराळ्या जातीची आहे. तिचा नियंत्रक लेखन सर्वत्र विखरून टाकतो आणि काही जागा बाहेरून दिसूच देत नाही. तेथे उपकरणाच्या स्वतःच्या नाश-आज्ञेचा किंवा कूटबद्ध मजकुराची किल्लीच नष्ट करण्याचा मार्ग घ्यावा लागतो. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेच्या ‘८००-८८’ या मार्गदर्शिकेत या प्रकारांच्या पायऱ्या दिलेल्या आहेत.

नाशाचे हे तंत्र नवे असले तरी नाशाचा अधिकार हा विषय आपल्या कचेऱ्यांना नवा नाही. महाराष्ट्र शासनाच्या दप्तरात मुदत संपलेले कागद नष्ट करण्याला ‘निंदणीकरण’ म्हणतात. हा शब्द शेतातून आला. पिकातील तण उपटणे ती निंदणी. मराठवाड्यात त्या कामाला बहुधा खुरपणी म्हणतात. परिभाषेच्या कारखान्यात तयार होणाऱ्या अनेक निर्जीव शब्दांच्या तुलनेत हा एक चांगला शब्द होय, कारण त्यात निवड अभिप्रेत आहे. तण आणि पीक ओळखणाऱ्याच्याच हाती खुरपे द्यावयाचे असते. कागदपत्रांचे अ, ब, क, ड हे वर्ग त्याचसाठी आहेत : ‘अ’ वर्ग कायम राखावयाचा, ‘ड’ वर्ग अल्पकाळात नष्ट करावयाचा. सहा गठ्ठे पद्धतीतील शेवटचा गठ्ठा या ‘ड’ कागदांचाच असतो. गठ्ठा बांधणारा, नाशाला मान्यता देणारा आणि नाशाची नोंद ठेवणारा यांची कामे तेथे निरनिराळी मानलेली आहेत.

आता डोमेनकडे वळावे. हा शब्द लॅटिन ‘डोमिनियम’, म्हणजे धन्याची मालकी, यापासून निघाला. ‘क्षेत्र’ या रूढ प्रतिशब्दात जमीन येते, धनी येत नाही. जुन्या मराठीतील ‘अंमल’ हा शब्द अर्थाच्या अधिक जवळ जातो. कंपनीच्या जाळ्यातील संगणक, माणसे व त्यांचे अधिकार यांची एक मध्यवर्ती निर्देशिका असते, आणि ती जेथवर मानली जाते तेथवर तिचा अंमल चालतो. मायक्रोसॉफ्टने २००० साली विंडोज २००० बरोबर आणलेली ॲक्टिव्ह डिरेक्टरी हे तिचे सर्वांत प्रचलित उदाहरण.

सोलापूर–धुळे महामार्गावरील येडशी येथे एखाद्या कंपनीची चार संगणकांची शाखा आहे आणि मुख्य कचेरी पुण्यास आहे, असे समजू. जुना संगणक भंगारात किंवा शाळेला देण्यापूर्वी पुसावयाचा आहे. स्वतंत्र नाश-प्रणाली असेल तर शाखेतील कोणी तरी पेनड्राइव्ह लावतो आणि काम उरकतो. कोणी पुसले, काय पुसले, याला पुरावा राहत नाही. नाश-प्रणाली डोमेनला जोडली म्हणजे ती आपली वेगळी परवलीची यादी न ठेवता आज्ञा देणाऱ्याची ओळख निर्देशिकेलाच पुसते. निर्देशिकेतील गटांवरून अधिकार ठरतात : एका गटाने मागणी नोंदवावी, दुसऱ्याने मान्यता द्यावी, तिसऱ्याने केवळ प्रमाणपत्रे पाहावीत. नोकरी सोडून गेलेल्याचे नाव निर्देशिकेत बंद झाले की त्याचा पुसण्याचा अधिकारही संपतो. जोडणीचा मोठा लाभ हाच.

जोडणीत एक बारीक अडचण आहे आणि ती ध्यानात न आल्याने कित्येकदा घोटाळा होतो. संगणक डोमेनचा सदस्य असल्याची खूण, म्हणजे त्याचा गुप्त संकेत, त्याच चकतीवर असतो जी पुसावयाची आहे. शिवाय चालू असलेली कार्यप्रणाली आपल्या पायाखालची चकती पुसू शकत नाही. म्हणून यंत्र पुन्हा सुरू करून केवळ स्मृतीत राहणारी एक छोटी प्रणाली चालवावी लागते. ही छोटी प्रणाली डोमेनला अनोळखी असते. तात्पर्य, आज्ञा घेताना जो सदस्य होता तो अहवाल देताना परका झालेला असतो. यास्तव त्या छोट्या प्रणालीला तेवढ्याच कामापुरते स्वतंत्र ओळखपत्र आधीच द्यावे लागते. येडशीची तार मध्येच तुटली तर स्वाक्षरीयुक्त अहवाल पेनड्राइव्हवर राखून नंतर मध्यवर्ती ठिकाणी भरावा लागतो. घड्याळाचेही असेच आहे : डोमेनची केर्बेरॉस ही ओळख-पद्धत सामान्यतः पाच मिनिटांपेक्षा अधिक फरक चालवून घेत नाही, आणि जुन्या संगणकाचा सेल उतरलेला असतो.

परंतु खरी भीती निराळी आहे. अंमल जेवढा एकसंध, तेवढी एका चुकीच्या आज्ञेची पोच मोठी. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीच्या अद्ययावतीकरणातून नॉटपेट्या हा घातक कार्यक्रम पसरला. तो वरकरणी खंडणी मागत होता, पण विदा परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. त्याने संगणकांच्या स्मृतीतून व्यवस्थापकांचे संकेत उचलले आणि डोमेनच्याच अधिकाराने तो एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेला. मर्स्क या जहाज-कंपनीची यंत्रणा कोलमडली. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाच्या टर्मिनलचे काम अडले. कंपनीचे जगभरातील सुमारे १५० निर्देशिका-सर्व्हर पुसले गेले, आणि वाचला तो घानातील एक, कारण त्या वेळी तेथील वीज गेली होती. पुढे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभारल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये सांगितले. भारनियमनाला शिव्या देणाऱ्या मराठवाड्यातील वाचकाला या योगायोगाची गंमत वाटेल.

कायदेशीर नाश-प्रणालीही, यांत्रिक दृष्टीने पाहता, हेच करते. फरक फक्त अधिकाराचा. म्हणून निर्देशिकेकडे पाहणाऱ्या तिच्या खात्याला केवळ वाचण्याची मुभा असावी, डोमेनच्या सर्वोच्च व्यवस्थापकाची कदापि नसावी. निर्देशिका-सर्व्हर व राखीव प्रती ठेवणारी यंत्रे तिच्या कक्षेबाहेर ठेवावीत. एका आज्ञेत किती यंत्रे पुसता येतील याला मर्यादा असावी, आणि मागणी करणारा व मान्यता देणारा एकच मनुष्य नसावा. सहा गठ्ठ्यांची पद्धत बसवणाऱ्यांना यातले काहीही नवे वाटले नसते.

उलट बाजूने, पुसणे टाळताही येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाच्या आठव्या कलमाने, संमती मागे घेतल्यावर किंवा हेतू संपल्यावर, अन्य कायद्याने जतन आवश्यक नसेल तर, वैयक्तिक विदा पुसून टाकण्याचे कर्तव्य सांगितले आहे. असे पुसणे झाले याचा पुरावा म्हणजे प्रमाणपत्र. आणि प्रमाणपत्रात यंत्राची ओळख कोणत्या नावाने लिहिली आहे, यावर त्याचे मोल अवलंबून असते. डोमेनमध्ये संगणकाला शाखेच्या किंवा जिल्ह्याच्या नावावरून नाव देण्याची चाल आहे. अशी नावे बदलतात. उस्मानाबाद जिल्हा २०२३ मध्ये धाराशिव झाला. जुन्या नावाने नोंदलेला संगणक आणि नव्या नावाने पुसलेला संगणक एकच, हे दहा वर्षांनी तपासणाऱ्या हिशेबनिसाला कळावयाचे तर प्रमाणपत्रात यंत्राचा व चकतीचा कारखान्यातील अनुक्रमांक हवा. त्यानंतरच निर्देशिकेतील त्या संगणकाचे खाते बंद करावे. आधी बंद केल्यास कोणते यंत्र पुसले हे ताडून पाहावयास तेथे काही उरत नाही.