स्टेअरिंग बॉक्सपाशी चासी का फाटते, आणि पट्टी कशी मारायची

मागच्या भागानंतर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. ऊसवाहतुकीचा जुना ट्रक, स्टेअरिंगला प्ले आलाय, ड्रॅग लिंकचे बॉल जॉइंट बदलले तरी फरक नाही. गॅरेजवाला म्हणतो, बॉक्सच बदला. माझं म्हणणं, बॉक्सचे पैसे घालायच्या आधी बॉक्स ज्यावर बसलाय ते बघा.

हे तपासायला मशीन लागत नाही. इंजिन चालू ठेवा, गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ओट लावलेली. एकाने केबिनमध्ये बसून स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे फिरवायचं. दुसऱ्याने बाजूला उभं राहून टॉर्च मारायचा, पण हात आणि डोकं चाकापासून लांब. चाक वळायच्या आधी बॉक्सच हलतोय का? बॉक्समागचा लाँग मेंबरचा पत्रा श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होतोय का? बोल्टखालून गंजाचा तांबूस ओघळ आलाय का? यातलं काही दिसलं तर ती गाडी फडात पाठवू नका.

आता हे होतं का? पत्र्याच्या दाराला जड कडी लावा आणि कडी धरून खेचा. कडी तुटत नाही, भोवतीचा पत्रा पोटासारखा फुगतो. इथं तेच. आपल्या ट्रकचा लाँग मेंबर म्हणजे सी-चॅनल, एका बाजूने उघडा. उभ्या लोडला तो दणकट, पण पिळाला आणि बाजूच्या ताणाला कमजोर. बॉक्स त्याच्या बाहेरच्या अंगाला बोल्टने धरलेला, आणि ड्रॉप आर्म त्याच्याही बाहेर. आर्म ड्रॅग लिंकला पुढं ढकलतो, मागं ओढतो, तेव्हा पुढचे बोल्ट पत्रा ओढतात, मागचे दाबतात. परत उलटं. भरलेली गाडी मऊ रानात जवळजवळ उभ्या उभ्या वळवली की हा जोर सगळ्यात जास्त. ऊसवाल्या गाडीचं रोजचंच काम ते. आधी बोल्ट सैल होतो, मग भोक लांबट होतं, मग भोकाच्या कडेला केसासारखी चीर पडते.

ही आपल्याकडचीच भानगड नाही. अमेरिकेत १९७३ ते १९८७ च्या शेवरले-जीएमसी फोर बाय फोर पिकअप याच दुखण्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांचीही ड्रॅग लिंक आपल्या ट्रकसारखी चासीला समांतर धावते. मोठे टायर टाकले की बॉक्सपाशी फ्रेम फाटते. तिकडे त्यासाठी तयार ब्रेस किट विकत मिळतात, आपण पट्टी कापून घेतो.

आता काम. बॉक्स उतरवा, हे मी सोडत नाही. आत रबरी सील आणि तेल आहे, भोवती पॉवर स्टेअरिंगचे होज, ब्रेकचे नायलॉन पाइप, वायरिंग. उतरवताना ड्रॉप आर्म आणि शाफ्टवर खूण करून ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह काढा. बीएस-४, बीएस-६ गाडी असेल तर ईसीयूचे कनेक्टरही. अर्थ क्लॅम्प वेल्डिंगच्या शेजारीच, घासून चकचकीत केलेल्या जागेवर. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंग खातो. आग विझवायचा सिलिंडर हाताशी.

चिरेचं टोक शोधणं हेच खरं कौशल्य. डाय पेनेट्रंटचे तीन डबे असतील तर उत्तम, नाहीतर जुना उपाय: रॉकेल लावा, पुसा, वर खडू घासा. थोड्या वेळात चीर स्वतःच रेघ काढून दाखवते. त्या टोकाला साधारण ५ एमएमचं भोक पाडा, म्हणजे चीर तिथं थांबते. मग ग्राइंडरने व्ही काढा, वेल्ड भरा, सपाट घासा. त्यानंतरच पट्टी.

पट्टीची जाडी लाँग मेंबरच्या पत्र्याएवढी किंवा किंचित कमी. जाड लावली की मजबूत, असं वाटतं ना? उलट, कडक पट्टी जिथं संपते तिथं नवी चीर जन्माला येते. म्हणून टोकं चौकोनी कापायची नाहीत, तिरपी उतरती ठेवायची, आणि चॅनलच्या उंचीभर उभा सरळ वेल्ड मारायचा नाही. वरच्या-खालच्या फ्लँजला आणि वळणाच्या कोपऱ्याला वेल्ड नको, भोकही नको. चाळीस-पन्नास एमएमचे टाके, एक इकडे एक तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं. पाणी ओतायचं नाही. रॉड ७०१८ आणि कोरडाच. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला रॉड म्हणजे वेल्डमध्ये हायड्रोजन, आणि नंतर चीर. सीओटू असेल तर अजून सोपं.

नुसत्या पट्टीने पत्रा जाड झाला, पण बाजूचा ताण गेला नाही. म्हणून शक्य असेल तिथं बॉक्सच्या जागेपासून क्रॉस मेंबरपर्यंत एक तिरकी ब्रेस द्या. चॅनल आतून बंद करत असाल तर बोल्टसाठी आरपार नळीचे स्लीव्ह घाला, नाहीतर बोल्ट आवळताना डबा चेपतो.

थांबा, एक मोठी अट. काही चासी हाय-टेन्साइल किंवा हीट-ट्रीट केलेल्या असतात. अमेरिकन हेवी ट्रकच्या फ्रेमवर तर वेल्ड करू नका असा इशाराच लावलेला असतो, कारण उष्णतेने तिथला पोलाद मऊ पडतो. आपल्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल आधी बघा. मनाई असेल तर बोल्टची पट्टी किंवा लाँग मेंबरच बदलणं, तिसरा मार्ग नाही. आणि बॉक्सचं कास्टिंग, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक यांना वेल्ड कधीच नाही.

सीझनच्या तोंडावर मालक येतात. "भाऊ, नुसता टाका मार, उद्या पहाटे गाडी फडात पाहिजे." मी विचारतो, "मालक, गाडीवर कोण आहे?" बहुतेक वेळा उत्तर येतं, पुतण्या, नाहीतर गावातलाच पोरगा. मग मी टाका मारत नाही, गाडी ठेवून घेतो. दोन गिऱ्हाईकं यावरून तुटली, तुटू देत. भरलेल्या गाडीचा बॉक्स उतारावर सुटला तर त्या पोराच्या हातात स्टेअरिंगचं नुसतं चाक उरतं.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. बऱ्याच गाड्यांचा चासी नंबर उजव्या लाँग मेंबरवर पुढेच पंच केलेला असतो. पट्टीखाली तो झाकला किंवा ग्राइंडरने घासला गेला तर पासिंगला आरटीओत काय होईल, कल्पना करा. आधी फोटो काढा, मग खडूने चौकोन आखून तेवढी जागा मोकळी ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, म्हणून ब्रेस मारण्याआधी मॅन्युअल आणि आरटीओ, दोन्हीकडे विचारून घ्या.

बॉक्स परत चढवताना बोल्ट नवे, १०.९ ग्रेडचे, कंपनीच्या आकड्याला टॉर्क रेंचने. प्रायमर, रंग, पट्टीच्या कडा सीलंटने बंद. दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर गाडी परत आणा, बोल्ट तपासायचे मी पैसे घेत नाही. व्हॉइस नोटवाल्या दादा, टॉर्च मारून बघितलं की व्हिडिओ पाठवा, इंजिन चालू असतानाचा.